गोल्फ हा गायरानाचा खेळ

मराठी मध्यमवर्गीय माणसाला गोल्फविषयी नेमक्या तीन गोष्टी ठाऊक असतात. एक, हा खेळ साहेब लोकांचा. दोन, जुन्या हिंदी सिनेमातला नायिकेचा बाप हा खेळ खेळता खेळताच गरीब नायकाला ‘कितना पैसा चाहिए?’ असं विचारतो. आणि तीन, शहराबाहेरच्या एखाद्या उजाड माळाचे प्लॉट पाडून ते विकायला काढले, की त्या वसाहतीला ‘गोल्फ’ या शब्दाने सुरू होणारं काहीतरी नाव देतात.

यातली तिसरी गोष्ट रोज माझ्या टेबलावरून जाते. मी छत्रपती संभाजीनगरात एका बँकेच्या कर्जखात्यात कारकून आहे. (२०२४ च्या वेतनकरारापासून आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काम तेच, खुर्ची तीच, खुर्चीचा मोडका हातही तोच. तेव्हा नाव बदलल्याने काय काय बदलत नाही, हे मला कुणी शिकवू नये.) अशा वसाहतींची रंगीत माहितीपत्रकं कर्जाच्या अर्जाला टाचून येतात. त्यांत मैलभर हिरवळ असते, तळं असतं, आणि पांढऱ्या पँटीतला एक गोरा गृहस्थ काठी खांद्यावर टाकून सूर्यास्ताकडे बघत असतो. जागेची पाहणी करून आलेले आमचे अधिकारी सांगतात, की यातला सूर्यास्त तेवढा खरा आहे.

तेव्हा आधीच सांगून ठेवतो, हा लेख भांडणाचा आहे. भांडण गोल्फशी नाही. तो खेळ मी खेळलो आहे आणि पुन्हा खेळणार आहे. भांडण आहे ते त्या हिरवळीशी, त्या पांढऱ्या पँटीशी, आणि ‘गोल्फ म्हणजे हेच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तमाम मंडळींशी.

आमच्या शाखेत या प्रश्नावर दोन पक्ष आहेत. युनियनचे एक जुने कार्यकर्ते म्हणतात, “गोल्फ म्हणजे भांडवलदारांचे चोचले! शंभर एकर जमीन, खेळणारी चार माणसं, आणि त्यांच्या पिशव्या उचलायला आणखी चार माणसं. बंद करा!” दुसरा पक्ष एका वरिष्ठ साहेबांचा. त्यांची पूर्वी काही वर्षं मुंबईला बदली झाली होती, ती अजून त्यांच्या अंगातून उतरलेली नाही. ते म्हणतात, “अहो, तो जंटलमन्स गेम आहे. त्याला कोर्स लागतो, ड्रेस लागतो, मेंबरशिप लागते. तुम्हा लोकांना नाही कळायचं.” गोल्फ हा मूळचा श्रीमंतांचा खेळ आहे, या एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचं एकमत आहे. युनियन आणि मॅनेजमेंट यांचं ज्या मुद्द्यावर चटकन एकमत होतं तो मुद्दा पुन्हा एकदा तपासून घ्यावा, असा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून मी तो तपासला.

गोल्फ जन्मला स्कॉटलंडच्या समुद्रकाठी, आणि कुठल्या जमिनीवर म्हणाल, तर जिच्यात धड पीक येत नाही अशा रेताड, उंचसखल, गावाच्या सामायिक जमिनीवर. तिथे मेंढ्या चरायच्या. मेंढ्यांनी खाऊन खाऊन गवत बारीक केलं, वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्यांनीच खड्डे रुंद केले, आणि गावातली पोरं काठीने चेंडू मारत त्याच जमिनीवरून हिंडू लागली. आजच्या क्लबात लाखो रुपये खर्चून जे वाळूचे खड्डे कोरतात ते मूळ मेंढ्यांचं काम. बिनपगारी! आता पीक न देणारी, सगळ्या गावाच्या मालकीची आणि जनावरं चारायला राखलेली जी जमीन तिला आपण मराठीत काय म्हणतो? गायरान म्हणतो, वाचकहो. आमच्या महसुली भाषेत तिची सोय १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. साहेबांचा जंटलमन्स गेम हा असा गायरानातला गुराख्यांचा खेळ आहे.

राजाला तो आवडत नसे. १४५७ साली स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्सने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली, कारण रयत धनुर्विद्येचा सराव सोडून काठ्या फिरवत बसते. म्हणजे आमच्या बँकेत ‘कार्यालयीन वेळेत मोबाईल पाहू नये’ असं परिपत्रक निघतं, त्यातलाच हा प्रकार. परिणामही तोच झाला. लोक खेळत राहिले. १५५२ साली सेंट अँड्र्यूज गावाच्या आर्चबिशपला त्या गायरानात ससे पाळायचे होते. त्यासाठी जो करारनामा झाला त्यात गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा आणि जनावरं चारण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे बिशपला ससे, गावाला काठी आणि जनावरांना गवत. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. एका मालमत्तेवर इतके बोजे आणि तरीही सगळे खूश, असा दस्त माझ्या तरी पाहण्यात नाही.

पुढची हकिकत तर अगदी आपल्याकडची वाटावी. अठराव्या शतकाच्या शेवटी ती नगरपालिका कर्जबाजारी झाली आणि गायरान हातचं गेलं. ज्यांच्या ताब्यात ते आलं त्या व्यापाऱ्यांनी तिथे सशांचा धंदा मांडला. सशांनी मैदान पोखरलं, खेळणारे चवताळले, कोर्टकचेऱ्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या, आणि वीसएक वर्षं ‘ससे विरुद्ध गोल्फ’ असा दावा चालला. शेवटी १८२१ साली शेजारच्या एका जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळ वाचवला, आणि १८९४ साली पार्लमेंटने कायदा करून ती पुन्हा गावाच्या हवाली केली. आज जगातला सगळ्यात नामांकित गोल्फ कोर्स तो हाच; आणि तो कुठल्याही क्लबाच्या मालकीचा नाही, सार्वजनिक आहे. रविवारी, मोठ्या स्पर्धा सोडल्या तर, तिथे खेळ बंद असतो. मग गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरंबाळं घेऊन त्या हिरवळीवर फिरायला येतात. आमच्याकडे मात्र ‘एक्सक्लुझिव्ह’ या शब्दावाचून गोल्फची जाहिरात पुरी होत नाही!

बरं, सेंट अँड्र्यूज मोठं झालं म्हणून सोडून द्या. त्याच देशाच्या बेटांवर अजून असे कोर्स आहेत, की जिथे ना रखवालदार, ना कौंटर. हॅरिस नावाच्या बेटावरच्या नऊ भोकांच्या कोर्सवर पैसे टाकायला एक पेटी ठेवलेली असते. आलात, खेळलात, पेटीत पैसे टाकलेत, निघालात. निक फाल्डो हा जगज्जेता एकदा तिथे गेला आणि त्याने सही करून पाच पौंडांची नोट पेटीत टाकली. आता त्या नोटेच्या नावाने तिथे स्पर्धा होते. साऊथ युइस्ट बेटावरचा आस्कर्निशचा कोर्स १८९१ साली ओल्ड टॉम मॉरिस या नामवंताने आखला, मधल्या काळात तो हरवून गेला, आणि २००८ साली पुन्हा उघडला. जमीन तिथल्या क्रॉफ्टर मंडळींच्या सामायिक चराईची. क्रॉफ्टर म्हणजे आपल्या सात-बाऱ्याच्या भाषेत अल्पभूधारक. हिवाळ्यात तिथे गुरं चरतात. गुरांचा हक्क आधी की चेंडूचा, यावर तिथेही वाद झाला. तेवढी मराठी माती स्कॉटलंडातही आहे.

आणि हिरवळच नसेल तर? ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं खाणींचं गाव आहे. पाऊस नाही, गवताची काडी नाही. तिथले लोक खेळताना हातात नकली गवताचा एक तुकडा घेऊन फिरतात. चेंडू मारायची वेळ आली की तुकडा खाली ठेवायचा, त्यावर चेंडू, हाणला की तुकडा उचलून पुढे चालायचं. आपल्याकडे लग्नात नवरानवरी पाटावर उभी राहतात आणि पाट उचलला की मांडव तसाच मोकळा राहतो, तसं. हिरवळ लागते ती फक्त हातभर. बाकीची शंभर एकर लागते ती शेजाऱ्याला दाखवायला.

आता माझ्या स्वतःच्या खेळाविषयी. फुलंब्री तालुक्यात माझी सासुरवाडी. मेहुण्याची कोरडवाहू जमीन, त्यातला दोन-अडीच एकर निव्वळ मुरमाड माळ. हुरड्याच्या दिवसांत तो शहरातली कुटुंबं बोलावतो. शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या या उद्योगाला भारदस्त नाव मिळालं आहे. त्याआधी त्याला नुसतं ‘पाव्हणे येणं’ म्हणत. अडचण अशी, की शहरी माणूस हुरडा खातो अर्धा तास आणि दिवस असतो बारा तासांचा. दुपारी करायचं काय? तेव्हा मी जुन्या बाजारातून एक गंजकी गोल्फची काठी आणि तीन चेंडू आणले आणि योजना मांडली. मेहुणा म्हणाला, “दाजी, म्हणजे काठीनं गोटी हाणत हाणत बिळात घालायची, एवढंच ना? मग त्याला एवढं इंग्रजी कशाला?”

कोर्स तयार व्हायला एक रविवार लागला. नियमाप्रमाणे भोकाचा व्यास सव्वाचार इंच असतो. एक लिटरचा रंगाचा रिकामा डबा जवळजवळ तेवढाच भरतो, हे सांगायला मला कुठल्या संस्थेचं सभासदत्व लागलं नाही. पहारीने सहा खड्डे घेतले, त्यांत सहा डबे बसवले. झेंडे जुन्या लुगड्याचे. चेंडू शेवटी हळूच ढकलायला गुळगुळीत जागा लागते, तिला ‘ग्रीन’ म्हणतात; इथे हिरवं काही उगवत नाही. पण शेतात जुनं खळं होतं. सासूबाईंनी ते शेणाने असं सारवून दिलं, की चेंडू तिथून सुटला तर सरळ सिल्लोडलाच थांबावा. मधे तिवडा उभा होताच, त्याला झेंडा बांधला. वाळवंटी मुलखातल्या गोल्फवाल्यांनी वाळूत तेल मिसळून अशीच गवताविना जागा केली आणि तिला ‘ब्राऊन’ म्हटलं. आमच्याकडे खळ्याला शेकडो वर्षं खळंच म्हणतात.

खेळ कुटुंबाचा असल्यामुळे कारभारही कुटुंबाचा. चहा वहिनींकडे. हरवलेले चेंडू शोधून काढणं धाकट्या भाच्याकडे, दर चेंडूला दोन रुपये. (चेंडू फार हरवू लागले तेव्हा हा दर एक रुपयावर आणला. चेंडू हरवणं निम्म्याने कमी झालं. यालाच अर्थशास्त्र म्हणतात.) बारावीतल्या भाचीने पत्र्याची पेटी ठेवली आणि वर खडूने लिहिलं, ‘एक डाव दहा रुपये, चहासह वीस, हिशेब ज्याचा त्याने ठेवावा.’ शेजारी तिने क्यूआर कोडही चिकटवला. आम्ही सगळे खेळलो. सहा भोकांना मला ७१ टोले लागले, भाचीला ४३. कर्जखात्यात असल्यामुळे मोठा आकडा म्हणजे मोठी कामगिरी अशी सवय आहे; या खेळात उलटं असतं. सासूबाई बांधावर बसून तासभर बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, “जावईबापू, एवढं हाणत बसण्यापरीस हातानं नेऊन टाका की डब्यात!” गोल्फवर याहून मर्मग्राही टीका माझ्या वाचनात नाही.

पण या एका दुपारी खेळाचा सगळा कायदा मला समजला. गोल्फचं पहिलं तत्त्व काय? चेंडू जिथे पडला तिथूनच पुढे खेळायचं. ढेकळात पडो, बोरीच्या जाळीत पडो, म्हशीने नुकत्याच सोडलेल्या जागेत पडो. उचलून सोयीच्या जागी ठेवायचा नाही, तसा ठेवलात तर टोला वाढतो. कोरडवाहू शेतकऱ्याला हे तत्त्व शिकवायला कोच लागत नाही. त्याचा चेंडू दर मृगात कुठे ना कुठे पडतो आणि तो तिथूनच पुढे खेळतो. दुसरं तत्त्व, पंच नसतो. आपले टोले आपणच मोजायचे आणि खरे सांगायचे. आमच्या बँकेत एक नोंद करणारा आणि दुसरा तपासणारा, अशी दोन माणसं असल्याशिवाय शंभर रुपयेही हलत नाहीत. इथे करणारा तोच, तपासणारा तोच. तिसरं, सीमेबाहेर चेंडू गेला तर एक टोला दंड भरून पुन्हा पहिल्या जागेवरून मारायचं. आमच्या कोर्सची सीमा म्हणजे शेजाऱ्याचा बांध. बांधापलीकडे काही गेलं तर दंड एका टोल्याचा नसतो, तीन पिढ्यांच्या तारखांचा असतो. त्यामुळे आमचे सगळे टोले फार जपून जातात.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “छान! पण याला गोल्फ नाही म्हणत. विटीदांडू म्हणतात.” जणू ती शिवीच! विटीदांडूत वकट, लेंड, मूंड मोजतात, तर गोल्फमध्ये बर्डी, ईगल, अल्बाट्रॉस. खड्डा दोन्हीकडे, काठी दोन्हीकडे, मोकळं रान दोन्हीकडे. फरक एवढाच, की साहेबांच्या खेळात पिशवी उचलायला दुसरा माणूस असतो.

आणि त्या दुसऱ्या माणसाचं काय झालं, तेही बघा. मुंबईला चेंबूरमध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे, १९२७ सालचा. तिथे पिशव्या उचलणारी पोरं आसपासच्या वस्त्यांत राहतात. क्लबाच्या हिरवळीवर त्यांना खेळायची मोकळीक नव्हती, म्हणून त्यांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून काठी केली, तिला मुठीसाठी नळीचा तुकडा चढवला, आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळांत, गटाराच्या कडेने, पत्र्यांच्या मधून गोल्फ सुरू केला. त्यांची छायाचित्रं वर्तमानपत्रांतून कितीदा तरी आली आहेत. सळई वाकवणारा पोऱ्या आणि सेंट अँड्र्यूजचा मेंढपाळ हे सख्खे भाऊ. मधला पांढऱ्या पँटीतला गृहस्थ हा दत्तक. दिल्लीत पिशव्या उचलणारा अली शेर १९९१ साली इंडियन ओपन जिंकला. तो मान मिळवणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना. तिथल्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया, त्याने २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं तीच स्पर्धा जिंकली. म्हणजे दार किलकिलं राहिलं तेवढ्यातून ही माणसं आत आली. ते सताड उघडं असतं तर किती आली असती, याचा हिशेब माहितीपत्रकात नसतो.

हिशेबावरून आठवलं. आमच्या पक्षाचा मुख्य मुद्दा पाण्याचा आहे, आणि तिथे मी कुणाची गय करणार नाही. अठरा भोकांच्या कोर्सला शंभराहून अधिक एकर जागा जाते. त्यातली साठच एकर हिरवळ धरू. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात गवत जिवंत ठेवायला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरू; हा आकडा काटकसरीचाच आहे. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर पाच मिलिमीटर पाणी म्हणजे वीस हजार लिटरच्या थोडं वर. साठ एकरांना रोज बारा लाख लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावं असा सरकारी दंडक आहे. त्या हिशेबाने हे नऊ हजार माणसांचं पाणी झालं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं, ते आठवतं ना? पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे चौघांना चेंडू ढकलता यावा म्हणून तशा दोन गाड्या रोज लागतील, वर चार वाघिणी जास्तीच्या. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने दुष्काळापायी महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं होतं. क्रिकेटला जे सांगता येतं ते गोल्फला सांगता येत नाही असं थोडंच आहे?

आमच्या शहराचं तर विचारूच नका. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरींतून शहरात खेळवलं. आज पन्नास-एक किलोमीटरवर जायकवाडीसारखं अवाढव्य धरण उशाला असताना गेली कित्येक वर्षं आम्ही नळाची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवली. आमच्या घरात तर पाण्याच्या दिवशी कुणाचं लग्न आलं तर ‘एकजण घरी थांबेल’ असं निमंत्रण स्वीकारतानाच सांगितलं जातं. अशा गावच्या माणसाला माहितीपत्रकातली हिरवळ दिसली की डोळे निवत नाहीत, घशाला कोरड पडते.

यावर प्लॉटवाले म्हणतात, ‘आम्ही सांडपाणी शुद्ध करून वापरू.’ जरूर वापरा. पण शुद्ध केलेलं सांडपाणीही पाणीच असतं. ते कारखान्याला चालतं, झाडांना चालतं, कडब्याला तर फारच चालतं. ते हिरवळीला दिलंत म्हणजे उरलेलं दिलंत असं नव्हे, इतरांच्या आधी दिलंत. आमचे युनियनचे कार्यकर्ते यावर म्हणतात, ‘म्हणूनच गोल्फ बंद करा!’ त्यांनाही माझं उत्तर तेच आहे. माळावरच्या मुरमाला पाणी लागत नाही, खळ्याला एक बादली शेणकाला पुरतो, आणि आमच्या सहा भोकांच्या कोर्सवर दिवसभरात सगळ्यात जास्त पाणी लागतं ते चहाला. गोल्फ तहानलेला नाही हो. तहानलेला आहे तो दिखाऊपणा. तुम्ही दिखाऊपणाबरोबर खेळही फेकून दिलात, तर मैदान बिल्डरच्या आणि काठी साहेबांच्या ताब्यात जाणार. आपल्या हाती घोषणा तेवढी राहणार.

‘पण पेटीतले पैसे लोक चोरतील,’ असाही एक आक्षेप आहे. हा आक्षेप घेणारे बहुधा शहरातले असतात. मी वीस वर्षं कर्जखात्यात काढली आहेत. पाच हजारांसाठी पोस्टकार्डावर माफी मागून हप्ता आणून देणारी म्हातारी मी पाहिली आहे, आणि पाच कोटींसाठी वकील आणून देणारे गृहस्थही पाहिले आहेत. पत्र्याच्या पेटीला धोका पहिल्या जातीच्या माणसाकडून नाही.

खरा धोका वेगळाच आहे. पेटी राहील, काठी राहील, खेळायला पोरं राहतील. जागा राहणार नाही. गायरानाचं गेल्या पन्नास वर्षांत काय झालं ते गावोगाव दिसतं. कुठे ते कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, कुठे जमिनीवर आहे आणि कागदावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात गावांच्या सामायिक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं हटवायला राज्यांना सांगितलं, इतकी ती वेळ आली होती. त्याच निकालात भूमिहीनांना दिलेल्या जागांचा आणि शाळा-दवाखान्यांचा अपवादही आहे. भूमिहीनाने डोक्यावर पत्रा घातला तर त्याच्याशी माझं भांडण नाही. आधी त्याचं घर, मग माझा चेंडू. पण गायरानाच्या कडेला आधी मोठ्यांचा रस्ता येतो, मग कंपाउंड येतं, मग कमान येते, आणि कमानीवर ‘गोल्फ’ येतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. ज्या खेळाने चारशे-पाचशे वर्षांपूर्वी गायरान राखलं त्याच्याच नावाने ते गिळायचं, म्हणजे रखवालदाराचीच टोपी घालून चोरी!

उलटं कसं होतं, तेही महाराष्ट्रात आहे. नाशिकला भर शहरात एक मोठं मैदान आहे. त्याचं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ साली जॅक्सनवर गोळी झाडणारा आणि १९१० साली फाशी गेलेला हा मुलगा शिकायला आमच्याच गावी, तेव्हाच्या औरंगाबादेत होता. पण नाशिकच्या रिक्षावाल्याला ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की तो तुम्हाला बिनचूक तिथे सोडतो. साहेब गेला, गोल्फ गेला, नाव जिभेवर राहिलं आणि मुख्य म्हणजे मैदान राहिलं. सकाळी तिथे निवृत्त मंडळी चालतात, पोरं धावतात, रणजीचे सामनेसुद्धा झाले आहेत. जिथे कुणीच गोल्फ खेळत नाही असा हा गोल्फ क्लब माझ्या मते महाराष्ट्रातला उत्तम गोल्फ क्लब आहे, कारण गोल्फने गावाला जे द्यायचं असतं ते, म्हणजे मोकळी जागा, त्याने पुरेपूर दिलं आहे.

तेव्हा मागणी थोडक्यात मांडतो. वसाहतींचे आराखडे काढणाऱ्यांनी नावात ‘गोल्फ’ घालावं की नाही, हे त्यांचं त्यांनी बघावं. पण घातलं तर कमानीच्या आत, सगळ्यांना कायम खुलं असं पाच एकर रान सोडावं. त्याला कुंपण नको, कारंजं नको, उद्घाटनाची कोनशिलाही नको. सपाट करू नका. खड्डे आहेत तसे राहू द्या, त्यांचा उपयोग आम्हाला ठाऊक आहे. गवत उगवलं तर शेजारच्या गावच्या शेळ्यांना येऊ द्या, त्या कापणीचे पैसे घेत नाहीत. गावकऱ्यांनीही ग्रामसभेत गायरानाचा विषय निघेल तेव्हा तंबाखू मळत बसू नये. हात वर करून ‘गट नंबर सांगा’ एवढं तरी विचारावं. आणि साहेबांनी एखाद्या रविवारी फुलंब्रीच्या माळावर यावं. पांढरी पँट आणू नये, मुरमाने लाल होते.

बाकी सामानाची काळजी करू नका. रंगाचे डबे आहेत, बोरीची काठी आहे, सासूबाईंचं शेण आहे. रान तेवढं ठेवा.